आवडाबाईचं रक्त

१

अठरा कागदांचा गठ्ठा मी तीनदा मोजला आणि तिन्ही वेळा सतराच भरले.

नोव्हेंबर १९५७, सोमवारची सकाळ. ठाण्यातल्या एका आरोग्य कचेरीत मी पाहणीची नर्स होते. कचेरीचं पुरतं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून पेन्शन घेताहेत. मी सुमती रणदिवे, राहणार कल्याण, वय त्रेचाळीस, स्वभाव तापट. हा शेवटचा तपशील माझ्या सर्व्हिस बुकात साहेबांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेला आहे.

"नीट बघा, रणदिवेबाई," टेबलापलीकडून आमचे साहेब, डॉक्टर प्रभाकर टिपणीस, म्हणाले.

"नीट म्हणजे अजून कसं बघायचं? सतराच आहेत. आवडाबाईचा कागद नाही."

नेमका तोच नव्हता, आणि नेमका तोच हवा होता. त्या कागदावर एका तरुणाचं सगळं आयुष्य टांगलं होतं.

झालं होतं असं. एप्रिलमध्ये कळव्यात विषमज्वराची पाहणी होती. आमचा कंपाउंडर उत्तम याने अठरा माणसांचं रक्त काढलं, प्रत्येकाचा एक कागद भरला. रक्त मुंबईच्या प्रयोगशाळेत बर्फात राहिलं. मग जूनमध्ये तो नवा ताप आला, इन्फ्लुएंझा. पूर्वेकडून, हाँगकाँग-सिंगापूर करत, बोटीत बसून आला आणि घरंच्या घरं आडवी झाली. फ्लूचा विषाणू दरवर्षी थोडा वेष बदलतो, हे आम्हाला ठाऊक होतं. या वेळी त्याने नखशिखांत बदलला होता. त्यामुळे कुणाचंच रक्त त्याला ओळखत नव्हतं. तो ताप ज्याला होऊन गेला, त्याच्याच रक्तात त्याची ओळख सापडे.

प्रयोगशाळेने तुलनेसाठी एप्रिलमधलं कळव्याचं रक्त तपासलं. सतरा जणांचं कोरं निघालं. अठरावं रक्त मात्र या नव्या विषाणूला चक्क ओळखत होतं. तक्त्यात नोंद होती: "आवडाबाई राघो, नाथाच्या घरची, वय २४."

म्हणजे पहिली बोट लागायच्या आधीच ताप कळव्यात आला होता. आणला कोणी? नाथा मिठाच्या मचव्यावर होता. खाडीतून मुंबई बंदरात मीठ नेणारा. त्याच मचव्यावरच्या काळुरामने जबानी दिली की चैत्रात नाथा एका परदेशी बोटीवर लपून चढला होता. झालं. बंदराची तपासणी चुकवून रोग आणल्याबद्दल खटला उभा राहिला. गुरुवारी ठाण्याच्या कोर्टात तारीख होती. वकील म्हणत होते कैद होणार. गावाने तर निकाल आधीच लावला होता, त्या घराला विहिरीवर पाणी बंद केलं होतं.

आणि आता मुंबईहून प्रयोगशाळेच्या डॉक्टर प्रमोदिनीबाईंचं पत्र आलं होतं: "आवडाबाईचा मूळ कागद पाठवावा. वय तपासावे." 'वय'खाली दोन रेघा. शिवाय खाली ताजा कलम: विषाणू कोंबडीच्या अंड्यांत वाढवतात, तरी गावठी अंडी पाठवावीत.

"गहाळ झाला म्हणून कळवून टाका," साहेब म्हणाले. "तक्त्यात सगळं आहेच."

"कागदाला पाय फुटत नाहीत, साहेब. कोणीतरी काढलाय."

२

कपाटाची किल्ली खिळ्याला टांगलेली असे. म्हणजे कपाट उघडणारे चारच जण: मी, साहेब, कारकून मधु परचुरे आणि उत्तम. मी काढला नव्हता, एवढं मला खात्रीनं माहीत होतं.

मधु डोंबिवलीहून येई. इस्त्रीचा शर्ट, मोत्यासारखं अक्षर आणि त्या अक्षराचा भलता गर्व. उत्तमच्या कागदांवरून तक्ता त्यानेच उतरवला होता.

"माझ्याकडून चूक होत नाही हो बाई," तो म्हणाला. "तक्ता बघा, एक खाडाखोड नाही."

"खाडाखोड नसली म्हणजे बरोबर असतं का रे?"

"उत्तमचं अक्षर तुम्ही पाहिलंय? मुंग्या मेल्यासारखं. त्याने कागद भरले, त्यानेच लपवला असेल. काहीतरी घोळ केला असणार."

उत्तम औषधांच्या खोलीत बाटल्या विसळत होता. मुरबाडकडचा गडी, आधीच घुम्या. साहेबांनी सकाळीच त्याला नोकरीवरून काढायची धमकी दिली होती, त्यामुळे तो तोंड फुगवून बसलेला.

"ही आवडाबाई कशी होती दिसायला?" मी विचारलं.

"आठवत नाही."

"अरे, आठव की जरा! एका माणसाला तुरुंगात टाकतायत."

"बाई, सात महिन्यांत चारशे दंडांत सुया खुपसल्यात. कुणाकुणाचं तोंड ध्यानात ठेवू? माणूस सांगतं ते मी लिवतो. शब्दाला शब्द. माझ्या पदरचं काय घालत नाही."

"वय चोवीस लिहिलं होतंस?"

"सांगितलं असंल तर लिवलं असंल."

माझ्या कपाळाची शीर उडायला लागली. एकाला फक्त अक्षर दिसत होतं, दुसऱ्याला फक्त दंड. माणूस कुणालाच दिसत नव्हता.

मी साहेबांना सांगितलं की उद्या कळव्याला जाते.

"कशाला? मी ओळखतो ही माणसं. वडलांच्या मिठागरावर यांच्यातच वाढलोय मी," ते म्हणाले. "खरं म्हणून बोलायची नाहीत."

त्यांच्या टेबलावर एक जाड निबंध पडला होता. 'नव्या इन्फ्लुएंझाचा हिंदुस्थानातील पहिला मागमूस: कळवे, एप्रिल १९५७.' डिसेंबरात तो दिल्लीच्या परिषदेत वाचायचा होता. परवानगी मिळाली नाही तरी मी कळव्याला जाणारच होते.

३

कळव्याच्या विहिरीवर पहिला भेटला तो काळुराम. चाळिशीचा, काळाकभिन्न, डोळे कायम लाल. त्याची सहा वर्षांची मालन जूनमध्ये त्या तापात गेली होती.

"नाथाच्या घराशी जायाचा?" तो म्हणाला. "जा. पन पानी घेऊ नका त्यांचा."

"त्याने ताप आणला हे तुम्हाला कशावरून वाटतं?"

"कशावरून? मचव्यावर मी व्हतो त्याच्यासंगती. बोटीवर चढला तो, या डोल्यांनी बगितला. आनि दुसरा सांगू? जूनमंदी अख्खा गाव आडवा झाला. धडधाकट बाप्ये पडले, पोरां पडली. एक त्याच घरातली म्हातारी नाय पडली. घराघरात पेज घेऊन फिरत व्हती. माज्या मालनच्या उशाशी तीन दिस बसली, पन तिला शिंक नाय आयली. कशाला? त्यांचा ताप त्यांना कसा लागंल?"

ज्याची पोर गेली त्याच्याशी वाद घालण्याइतकी मी निर्दय नाही. पण रागही आला. हा बिचारा आपल्या दुःखाला एक पत्ता शोधत होता आणि आमच्या कचेरीने तक्त्यात लिहून त्याला तो पुरवला होता.

नाथाच्या दारात एक तरुण बाई बाळाला पाजत बसली होती. चोवीस वय अगदी बरोबर बसत होतं.

"आवडाबाई ना तू?"

तिने जीभ चावली, पदर सावरला, मान खाली घातली. हो म्हणाली नाही आणि नाही असंही म्हणाली नाही. लाजत असेल, असं मी समजले.

"ताप कधी आलेला तुला?"

"आखाडात. समद्यांना आयला तवा."

"त्याआधी? चैत्रात?"

"नाय गो बाय."

"खोटं बोलू नकोस. चैत्रात तुझं रक्त काढलं, त्यात निघालाय ताप."

तिने डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिलं. "माजा रगत? चैत्रान मी म्हायेरी व्हते, विठ्ठलवाडीला. माजा रगत कोनी नाय काढला."

ज्या रक्तावर खटला उभा होता ते रक्त हिने दिलंच नव्हतं.

४

"कोन हाय?" आतून नाथा बाहेर आला. पंचविशीचा, उंच, आणि गेल्या काही महिन्यांत खाल्लेलं अंगी न लागलेला.

"ही तुझी बायको ना?"

"हां. सगुणा."

"मग मघापासून मी आवडाबाई म्हणतेय तर ही गप्प का?"

नाथा पहिल्यांदाच हसला. "आवडाबाई माजी आजी. आजेसासूचा नाव ती कसा घेल?"

मी कपाळाला हात लावला. नर्सची नोकरी वीस वर्षं करूनही आपण इतक्या ठोंब्या कशा, हे मला कळेना. सून मोठ्यांचं नाव घेत नाही हे कळायला काय कॉलेज लागतं? आणि "नाथाच्या घरची" म्हणजे नाथाच्या घरातली. आम्ही सगळ्यांनी मिळून तिला नाथाची बायको करून टाकली होती.

पण वय? आजीचं वय चोवीस कसं?

त्याआधी मला नाथाचा निकाल लावायचा होता. "बोटीवर चढला होतास की नाही? खरं सांग. परवा कोर्टात तुझ्या बाजूनं बोलायला मीच आहे."

"नाय चढलो."

"काळुरामने पाहिलंय."

"काळूदादा..." तो अडखळला. "त्याची पोर जेली. तो काय पन बोलंल."

तेवढ्यात बाळ रडलं आणि सगुणाने कोपऱ्यातून त्याचं दुपटं काढलं. दुपटी एका विणलेल्या करंडीत होती. झावळ्यांची, घट्ट, तळाशी काळपट चिकट डाग. असल्या करंड्या आमच्या कल्याणच्या बाजारात किराणावाल्याकडे मी शंभरदा पाहिल्या होत्या. मी उचलून वास घेतला.

"खजूर," मी म्हणाले. "बसऱ्याचा. चैत्रात ही पोटुशी होती, हो ना?"

नाथा खाली बसला. "तिला डोहाले लागले व्हते. खजूर पायजे बोलली. बोट बसऱ्याशी आयलेली, तिच्यावर चढलो. खलाशाशी दोन करंड्या घेतल्या न् विठ्ठलवाडीला नेऊन दिल्या. बोल्लो असतो, पन जकात चुकवली ना. मचव्याशी काढला असता मना."

"अरे गाढवा!" माझा आवाज वाढला. "ताप पूर्वेकडून आला, बसरा पश्चिमेला! चैत्रात तिकडे हा ताप औषधालाही नव्हता. दोन करंड्या खजूर लपवायला तू इतके दिवस तुरुंगाच्या दारात उभा आहेस?"

सगुणा रडायला लागली. मला माझ्याच आवाजाची लाज वाटली, पण राग काही उतरला नाही.

तरीही रक्त उरलंच. बोट बसऱ्याची असो नाहीतर चंद्रावरची, एप्रिलच्या रक्तात जूनचा ताप कुठून आला, हे सांगितल्याशिवाय कोर्ट नाथाला सोडणार नव्हतं.

५

मिठागराच्या बांधावरून एक म्हातारी टोपली घेऊन आली. काटकुळी, पाठीत वाकलेली, पण पावलं झपझप. आवडाबाई.

"अंडी घेतंस का बाय?" तिने मला बघताच विचारलं. "गावान कोनी घेत नाय आमची."

प्रयोगशाळेला हवीच होती. साहेबांची सही झाली की नेते, असं म्हटल्यावर ती उंबऱ्यात बसून मोजायला लागली. वीस अंडी झाली की बाजूला एक खडा ठेवायचा आणि पुन्हा एकापासून सुरुवात. तिसरा खडा ठेवून ती म्हणाली, "तीन विशी. बगून घे."

मी खड्यांकडे बघत राहिले. माझ्या डोक्यात काहीतरी टकटक करत होतं.

"आजी, तुमचं वय काय हो?"

"त्या सुईवाल्याला सांगितला ना. चार विशी."

चार विशी! म्हणजे ऐंशी. आणि आमचा डोंबिवलीचा मोत्यासारख्या अक्षराचा मधु? त्याला विशी ठाऊक होती ती एकच: विशीतली मुलगी, तिशीतला माणूस. विशी, त्यात चार. चोवीस. मला हसू आलं, आणि लगेच संतापाने रडूही.

मी पोस्टात जाऊन मुंबईला ट्रंक कॉल लावला. तासाभराने प्रमोदिनीबाईंचा आवाज आला. मी म्हणाले, "ऐंशी."

"मला तोच संशय होता," त्या म्हणाल्या. "परदेशातल्या एका डॉक्टरांचं पत्र आलंय. सत्तरीपुढच्या काही माणसांचं जुनं रक्त या विषाणूला ओळखतं म्हणे. त्यांचा तर्क असा की असाच विषाणू फार पूर्वी, १८९०च्या सुमारास, जगभर फिरून गेला असावा. म्हातारीला विचारा, लहानपणी काही आठवतंय का. आणि तो मूळ कागद आणाच. माझ्या शब्दाला कोर्ट विचारणार नाही, सहीचा कागद लागेल."

मी परत गेले. आवडाबाईला फारसं विचारावंही लागलं नाही.

"आठवतंय म्हंजे? मना हलद लागलेली. नवरा तापान पडला, भट पडला, मी पन पडले. मिठागरावर मीठ ओढाया मानूस नव्हता. म्हयनाभर लगीन रखडला."

"किती वर्षांपूर्वी?"

"प्लेग आयला तवा माजा पयला पोर रांगत व्हता. त्याच्या आधी सा-सात वर्सां."

प्लेग आला शहाण्णव साली. मी बोटांवर मागे मोजलं. १८९०.

सदुसष्ट वर्षांपूर्वी, कुठल्यातरी दूरच्या मुलखातून निघालेला एक ताप कळव्याच्या एका तेरा वर्षांच्या नवरीला येऊन गेला होता. तिच्या रक्ताने तो अजून लक्षात ठेवला होता. आमच्या कचेरीला मात्र सात महिन्यांपूर्वीचा कागद सांभाळता आला नव्हता.

६

म्हातारीला हे सगळं सांगून मी निघाले आणि परतीच्या वाटेवर एकच विचार करत होते. कागद काढला कोणी?

मधुने? त्याला आपली चूक कळली असती तर त्याने काढला असता. पण ती चूक त्याला कळणार कशी? कागद समोर धरला तरी तो त्यात चोवीसच वाचणार. उत्तमने? त्याने बरोबर लिहिलं होतं, तो कागद म्हणजे त्याची नोकरी वाचवणारा पुरावा. तो कशाला लपवील?

कागद लपवावासा वाटेल तो अशाच माणसाला, ज्याला विशी मोजता येते आणि ऐंशी नको आहे.

बुधवारी सकाळी मी मधुपुढे बसले. "लिही. मुंबईच्या प्रयोगशाळेसाठी गावठी अंडी, तीन विशी."

त्याने टाक बुडवला आणि सुरेख अक्षरात लिहिलं: 'अंडी, नग २३.'

"तेवीसच का पण?" तो म्हणाला. "सरळ दोन डझन घ्यायची ना."

मी तो कागद घेऊन साहेबांच्या खोलीत गेले. ते निबंधावरून शेवटचा हात फिरवत होते.

"सही हवी होती, साहेब. प्रयोगशाळेला तीन विशी अंडी पाठवतेय."

त्यांनी कागद ओढला, वाचला आणि चिडून २३ वर काट मारली. वर लिहिलं: ६०.

"या मध्याला कधी अक्कल येणार!" ते पुटपुटले आणि त्यांनी सही केली.

मी दार लावून घेतलं.

"साहेब," मी म्हणाले, "तुम्हाला विशी येते."

७

त्यांचा टाक हवेतच राहिला.

"म्हणजे काय?"

"म्हणजे 'चार विशी' वाचून मधुला चोवीस दिसले, तुम्हाला ऐंशी. मिठागरावर वाढलात ना तुम्ही. मुंबईचं पत्र माझ्याआधी तुम्ही उघडलंत. वय तपासा असं वाचलंत, कपाट उघडलंत, कागद बघितलात. चोवीसची ऐंशी झाली की कळव्यातला पहिला ताप संपला, आणि दिल्लीचा निबंधही. कागद कुठे आहे?"

मला वाटलं होतं ते ओरडतील. ते ओरडले नाहीत. निबंधाच्या शेवटच्या पानामागून त्यांनी एक घडी काढली आणि टेबलावर ठेवली. उत्तमचं मुंग्या मेल्यासारखं अक्षर: 'आवडाबाई राघो. नाथाच्या घरची. वय चार विशी.' शब्दाला शब्द.

"तीस वर्षं गटारं आणि डबकी तपासली मी, बाई," ते खालच्या आवाजात म्हणाले. "एकदा माझ्या नावावर काहीतरी लागावं, असं वाटलं."

"आणि नाथा?"

"सुटला असता की. वकील दिला असता कोणीतरी."

क्षणभर आलेली दया तिथेच संपली. "साहेब, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत? सदुसष्ट वर्षं एक रक्त ताप लक्षात ठेवतं, हा या कागदातला खरा शोध होता. तो तुम्ही पानामागे कोंबलात आणि नसलेला शोध दिल्लीला न्यायला निघालात. वर एक निरपराध माणूस तुरुंगात घालून!"

गुरुवारी ते स्वतः कोर्टात आले आणि तक्ता चुकीचा असल्याचं त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं. कागद आपण दाबला हेही सांगितलं. त्याचं पुढे काय झालं ते त्यांच्या सर्व्हिस बुकात आहे, मी लिहीत नाही. मधु साक्षीला उभा राहिला तेव्हा मॅजिस्ट्रेटांनी विचारलं, "चार विशी म्हणजे किती?" मधु लालबुंद झाला आणि म्हणाला, "काल कळलं, साहेब." कोर्ट हसलं. मला हसू आलं नाही.

नाथाला खजुराबद्दल दंड झाला. रोग आणल्याच्या आरोपातून तो सुटला.

मागच्या बाकावर काळुराम बसला होता. निकाल ऐकून तो उठला आणि कुणाकडे न बघता निघून गेला.

८

शुक्रवारी मी अंडी आणायला पुन्हा कळव्याला गेले. खरं तर अंड्यांसाठी उत्तमलाही पाठवता आलं असतं.

आवडाबाई रिकामी कळशी घेऊन विहिरीपासून दहा पावलांवर उभी होती. कोर्टाने नातवाला सोडलं तरी गावाने पाणी सोडलं नव्हतं. काठावर काळुराम उभा, रहाटाचा दोर हातात धरून. बाकीच्या बाया बाजूला झालेल्या.

मी ताडताड पुढे गेले. "काळुराम, आता काय राहिलंय? कोर्टात ऐकलंत ना सगळं?"

"आयकला," तो म्हणाला. "ताप नाथानी नाय आनला. मंग माजी पोर कोनी मारली?"

कुणी आणला म्हणून सांगू? तो शंभर बोटींतून, हजार माणसांच्या श्वासातून आला होता. ज्याने कळव्यात आणला त्यालाही ते ठाऊक नसेल.

"कोणीच नाही," मी म्हणाले. माझ्याच कानांना ते फार तोकडं वाटलं.

काळुराम म्हातारीकडे वळला. त्याचा आवाज फाटला होता.

"आजे, लहानपनी तुना येऊन जेलेला तो ताप. म्हून तुना लागला नाय. ह्या बाय कोर्टान बोलल्या." तो थांबला. "म्हंजे तुना ठाव व्हता. तुना काय व्हनार नाय ह्यो ठाव व्हता, म्हून माज्या मालनच्या उशाशी तीन दिस बसलीस."

आवडाबाईने कळशी खाली ठेवली. त्याच्याकडे तिने असं पाहिलं, जसं एखाद्या अगदी साध्या गोष्टीत अडलेल्या पोराकडे बघतात.

"मना कसा ठाव असनार, रं?" ती म्हणाली. "मना तर ह्या बायनी मंगलवारी सांगितला."

काळुरामने हातातला दोर सोडला. मग तो दहा पावलं चालत आला, वाकून तिची कळशी उचलली, आणि विहिरीकडे जाऊन पाणी शेंदायला लागला.